चौथा खांदेकरी

पवित्र आठवड्यातल्या बुधवारी लेवोकेडा या समुद्रकाठच्या गावात जेवढा गोंगाट होतो, तेवढा सबंध वर्षात होत नाही. संध्याकाळी सगळं गाव पत्र्याचे तुकडे रस्त्यावरून फरफटत नेतं, आणि तो खणखणाट थांबला की गाव जे मिटतं ते ईस्टरच्या पहाटेपर्यंत. घंटा नाही, गाणं नाही, हातोडा नाही, आणि भांडण तर मुळीच नाही. मका कुटायलाही बंदी. म्हणून बुधवारी दुपारी घराघरांतून दगडावर दगड आपटत असतात. भाजलेले दाणे मडक्यातून गरमागरम उचलायचे, सपाट दगडावर टाकायचे, वरून दुसरा दगड हाणायचा, की झाले मक्याचे पोहे. चार दिवसांची बेगमी.

पेत्रोनेलाच्या हातचे पोहे गावात सगळ्यात पातळ. तिच्या जिभेला मात्र हाड नव्हतं. साठीची बाई, नवरा लांबेर गेल्या पावसाळ्यात गेला, आणि त्याच्याही आधी, आजपासून पाच वर्षांमागे, एकुलता एक मुलगा युवेन समुद्रात बुडाला. गावानं तिचं दुःख पाहिलं होतं, म्हणून लोक तिची जीभही ऐकून घेत. कोण मिस्साला उशिरा आलं, कुणी उपवास मोडला, कुणाच्या पोरीचा झगा आखूड, सगळ्याचा हिशेब तांता नेलाकडे; तांता म्हणजे मावशी, गाव तिला तशीच हाक मारी. गेल्याच वर्षी शुभ शुक्रवारी म्हाताऱ्या क्लेमेनचे ओठ पानानं लाल दिसले, तर बाईनं देवळाच्या पायरीवर त्याला सगळ्यांदेखत उभा फाडला. "प्रभूनं ज्या दिवशी रक्त सांडलं त्या दिवशी तू तोंड रंगवून आलास? लाज आहे का थोडी?" क्लेमेन बिचारा हातानं तोंड झाकून घरी गेला, तो ईस्टरलाही आला नाही.

तर त्या बुधवारी ती मका कुटत होती आणि अंगणात दोनातुस येऊन उभा राहिला.

"तांता, येऊ का आत?"

तिनं वर बघितलं नाही. या माणसाचं तोंड बघणार नाही अशी शपथ तिनं पाच वर्षांपूर्वी घेतली होती, आणि पेत्रोनेला शब्दाची पक्की. मान खाली, म्हणून तिला दिसले ते नुसते पाय. चपला फाटकाबाहेर काढून, पाय धुऊन आला होता. माडी काढणाऱ्याचे पाय. झाडावर चढताना दोराचा फास घालतात, त्याचा काळा घट्टा दोन्ही पावलांवर पडलेला. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं.

"इथं माडीला गिऱ्हाईक नाही. पुढं हो."

"माडी नाही आणली. पान आणलंय." तो उकिडवा बसला आणि उंबऱ्यावर पानात बांधलेली पुडी ठेवली. "माझं काही चुकलं असेल तर पदरात घ्या, तांता."

शांततेचे दिवस सुरू व्हायच्या आत ज्याचं ज्याच्याशी वाकडं असेल त्यानं असं पान-सुपारी घेऊन जायचं, ही तिथली रीत. समोरच्यानं ती सुपारी चघळली की झालं, एक शब्द बोलावा लागत नाही. नाही चघळली तर नाही.

"चुकलं असेल तर? असेल तर?" पेत्रोनेलानं दगड हाणला तो रिकाम्या पाट्यावरच. "माझा पोर तुझ्या होडीत बसला आणि तू एकटा परत आलास. तुझ्या हातून त्याचा हात सुटला कसा, ते सांग आधी! मग बघू पान नि बिन."

दोनातुस काही बोलला नाही. पाच वर्षं त्याचं हेच उत्तर होतं.

"बापा लांबेर असते तर..." तो हळूच म्हणाला.

"माझ्या मेलेल्या नवऱ्याचं नाव काढू नकोस!"

ती उठली आणि पायानं ती पुडी अंगणात उडवली. शेळी टपलेलीच होती, तिनं पान ओढलं. सुपारी गडगडत कुठंतरी गेली. दोनातुसचे पाय जरा वेळ तिथंच थांबले, मग फाटकाकडे वळले. पेत्रोनेला पुन्हा कुटायला बसली आणि मनात म्हणाली, बरी खोड मोडली. संध्याकाळी पत्र्यांचा खणखणाट झाला, गाव गप्प झालं.

शुक्रवारी दुपारी तीनची उपासना आटोपली आणि सगळं गाव किनाऱ्यावरच्या प्रार्थनाघरासमोर जमलं. काळे कपडे, पोटात अन्नाचा कण नाही, हातात न पेटवलेल्या मेणबत्त्या. आत प्रभूची शवपेटी काळ्या मखमलीखाली तयार. ती उचलायला चौघं लागतात, त्यांना तिथं लाकादेमु म्हणतात. पांढरा पायघोळ झगा जमिनीला टेकलेला, डोक्यावरून गळ्यापर्यंत लाल टोकदार टोपी, डोळ्यांपुरती भोकं. ते कोण हे एकट्या बापा सिप्रीला ठाऊक; गावातला वडीलधारा, ही मिरवणूक चालवणाऱ्या बंधुमंडळाचा मुखिया. बापाला मुलगा ओळखत नाही त्या झग्यात. आणि कुणी ओळखलंच तरी बोलत नाही, कारण खांदा देणं हा गुप्त नवस, नाव फुटलं की तो गेला. नियम एकच. ज्याला कुणाची माफी मिळायची राहिली आहे, त्यानं खांदा द्यायचा नाही. त्याच्या वतीनं दुसऱ्यानं माफी मागायची नाही. आणि एकदा चुकला तो कायमचा चुकला, पुन्हा तो झगा त्याच्या अंगावर चढत नाही.

बापा सिप्री बाहेर आला. हातात लाकडी खटखट्या, कारण घंटा मुक्या होत्या. खटखट्या न वाजवताच तो म्हणाला, "तिघं तयार आहेत. चौथ्याची वाट बघू."

एवढं बोलून आत गेला.

सूर्य डोंगराआड गेला की शवपेटी निघत नाही. असं एकदाच झालं होतं, आजोबांच्या काळात, आणि त्या वर्षाची गोष्ट अजून कुणी मोठ्यानं सांगत नाही. प्रभू मेला आणि गावानं त्याला पुरलाही नाही, याहून मोठी नामुष्की कुठली? कुणाच्या तरी दारातून कुणीतरी रित्या हातानं परत गेलं होतं, हे सगळ्यांना कळलं. जो तो मनातल्या मनात आपली भांडणं मोजायला लागला.

"आमचं जावेशी कुंपणावरून आहे," शेजारची ओदिलिया कुजबुजली. "पण तिचा नवरा खांदेकरी? अहो, त्याच्याच्यानं पाण्याची घागर उचलवत नाही!"

पेत्रोनेलाला कुजबुजणं कधी जमलंच नाही.

"कोण असेल गं ती दगडाच्या काळजाची?" ती म्हणाली, आणि चार रांगांपर्यंत ऐकू गेलं. "प्रभूला ताटकळत ठेवलंय! आपल्या रागापुढं देव थांबला तरी चालेल, असा कसला गं राग? अशीला ना, आमच्या आईच्या वेळी देवळाच्या दारात गुडघ्यावर बसवली असती."

"हळू, तांता. शांततेचे दिवस आहेत."

"मी खरं तेच बोलते. आणि चौथा म्हणजे तोच असणार, मागच्या डाव्या बाजूचा. तिघांना मी झग्यात आत जाताना बघितलं, ते तिघं ठेंगणे; तो उंच. किती पुण्यवान माणूस गं तो! मला विचार. मी धुते ना त्याचे पाय."

हे खरं होतं. मिरवणूक वाटेत थांबते त्यातलं तिसरं ठाणं पेत्रोनेलाच्या घरासमोर. तिथं घरच्या बाईनं खांदेकऱ्यांचे झगे घोटभर वर करून पायांवर पाणी घालायचं. बाकीचं गाव तेव्हा माना खाली घालतं. पाय दिसतात ते फक्त पाणी घालणारीला. युवेन गेल्यापासून दर वर्षी त्या चौथ्याच्या पायाशी ती जरा जास्त रेंगाळायची. तिथंच तिच्या तोंडून आपोआप निघायचं, "बाबा, माझ्या युवेनचं देवाला सांगा." तो बोलायचा नाही. त्याच्या पायाची बोटं तेवढी आवळली जायची, पाणी गरम असल्यासारखी.

"त्याचे पाय म्हणजे..." पेत्रोनेला म्हणाली, आणि तिथंच थांबली.

दोन्ही पावलांवर काळा घट्टा. डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं.

"काय झालं हो?" ओदिलियानं विचारलं.

"काही नाही. ऊन लागलं."

ऊन कसलं लागतंय. ते पाय तिनं परवाच आपल्या अंगणात बघितले होते. दोनातुस? माडीवाला दोना, जो देवळात कधी दिसत नाही म्हणून आजही तो गर्दीत नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं? त्याच्या पायांवर ती वर्षानुवर्षं पाणी घालत होती? त्याच पायांशी वाकून ती आपल्या पोरासाठी रडली होती?

आणि मग लांबेर आठवला. युवेन गेल्यापासून दर वर्षी पवित्र बुधवारी संध्याकाळी लांबेरचे ओठ लाल असायचे. ती करवादायची, "कुणाकडे चरून आलात?" तो हसायचा. "दिली कुणीतरी." घरच्या कर्त्यानं सुपारी चघळली की घराची माफी झाली. नवऱ्यानं तिला पत्ता लागू न देता दर वर्षी ती माफी देऊन टाकली होती. या वर्षी लांबेर नव्हता. या वर्षी सुपारी तिच्याच उंबऱ्यावर आली, आणि तिनं ती लाथाडली.

लोकांना वाटलं म्हातारी उपासानं पांढरी पडली. ती प्रार्थनाघराच्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

पण नुसती एवढीच लाज असती तर ती गिळता आली असती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दाखवत हिंडणाऱ्या बाईच्या डोळ्यात एक मुसळ होतं, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. पाच वर्षं ठाऊक होतं.

त्या दिवशी पलीकडच्या बेटावरून पाहुणे यायचे होते आणि घरात मासळी नव्हती. दोनातुस वाटेनं चालला होता, तिनं त्याला हाक मारली. तो म्हणाला, "तांता, आज खाडीला ओढ फार आहे. उद्या जातो." ती हसली होती. अगदी मोठ्यानं. "होडी विक आणि बांगड्या भर!" युवेन ओट्यावर लोळत होता. "आणि तू रे? आयतं गिळायला बसलास? जा त्याच्याबरोबर, पाहुण्यांसमोर नाक कापू नकोस माझं." युवेन कुरकुरत उठला. तोंडही धुतलं नव्हतं त्यानं. शेवटचं काय बोलली ती त्याला? "आयतं गिळायला बसलास."

संध्याकाळी दोनातुस एकटा परत आला. सगळं गाव किनाऱ्यावर. आता हा सांगणार, तिला वाटलं, आता हा सांगेल की मी नको म्हणत होतो, हिनंच पाठवलं. म्हणून त्यानं तोंड उघडायच्या आत तिनं उघडलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. "तू सोडलास माझ्या पोराचा हात!" ती किंचाळली, आणि दोनातुसनं तिच्याकडे बघितलं, आणि तो गप्प राहिला. त्या दिवशी गप्प, दुसऱ्या दिवशी गप्प, फादरसमोर गप्प. गावानं त्याच्याकडून माडी घेतली पण त्याला ओट्यावर बसवलं नाही. त्याच्या गप्प राहण्यावर ती गावाची सहानुभूती खात राहिली. तो बोलत नाही म्हणूनच तिला त्याचा जास्त राग. त्याचं तोंड बघायचं नाही ही शपथ दुःखाची नव्हती. ती त्या डोळ्यांना भ्यायली होती, बस.

आणि तो माणूस तिच्या दाराशी येऊन म्हणत होता, माझं काही चुकलं असेल तर.

ऊन उतरायला लागलं होतं. बंधुमंडळातला एक जण बाहेर येऊन डोंगराकडे बघून पुन्हा आत गेला. पेत्रोनेला भिंतीपासून सुटली आणि कुणाला काही न सांगता घराकडे निघाली. आधी चालत, मग पळत. साठीची बाई, काळ्या लुंगीचा सोगा हातात धरून पळतेय.

दुसरी सुपारी चालत नाही. आणलेली हवी, तीच. तिनं अंगण पालथं घातलं. मक्याच्या दगडाखाली बघितलं, चुलीच्या राखेत हात घातला. मग शेळीच्या गोठ्यात गुडघ्यांवर बसली आणि लेंड्या बाजूला सारत चाचपायला लागली. शेळी तिच्याकडे बघत रवंथ करत होती. "बघतेस काय? तुझ्यापेक्षा वाईट आहे मी," ती शेळीला म्हणाली. सुपारी खुंटाच्या मुळाशी सापडली, चिखलात अर्धी रुतलेली.

लांबेरचा चुन्याचा डबा फळीवर तसाच होता. मागच्या वेलाची पानं ताजी होती. युवेन गेल्यापासून तिनं पान सोडलं होतं, आणि आज तर शुभ शुक्रवार, पाण्याचा घोटही वर्ज्य. तिनं सुपारी लुंगीला पुसली, अडकित्त्यानं फोडली आणि तोंडात टाकली. मातीची चव आली. डोळ्यांत पाणी आलं ते चुन्यानं की कशानं, तिनं विचार केला नाही. लाळ लाल होईपर्यंत ती चघळत राहिली.

आरशात तिनं एकदा तोंड बघितलं. ओठ, दात, हनुवटीपर्यंत आलेला ओघळ. आता गाव काय म्हणेल ते तिला शब्दन् शब्द पाठ होतं, कारण ते शब्द तिचेच होते. पुसलं असतं तर एका चिंधीचं काम. पण बापा सिप्रीला दिसायला हवं होतं. आणि कारण सांगितलं की दोनातुसचं नाव फुटलं. म्हणजे सांगायचं नाही, आज नाही, कधीच नाही.

ती परत आली तेव्हा उन्हाची तिरीप नुसती माडांच्या शेंड्यांवर उरली होती. आधी ओदिलियानं बघितलं.

"अगं बाई! तांता, आज?"

माना वळल्या. शांततेच्या दिवसात आवाज चढत नाहीत, म्हणून ते सगळं कुजबुजीत झालं, आणि कुजबूज जास्त झोंबते. "उपासाला पान?" "तेही हिनं?" "म्हणून घरी पळाली होती!" कुणीतरी एका पोरीला सांगितलं, तिकडे बघू नकोस. म्हातारा क्लेमेन काठी टेकत पुढं आला आणि तिच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं.

"काय गं नेला," तो म्हणाला, "लाज आहे का थोडी?"

"नाही, क्लेमेन," ती म्हणाली. "तुझ्यावर ओरडले, ती चूक झाली माझी."

म्हाताऱ्याला हे अपेक्षित नव्हतं. तो खाकरला आणि बाजूला झाला.

बापा सिप्री दारात उभा होता. तिनं हनुवटी वर केली. त्यानं तिच्या ओठांकडे नीट बघितलं. मग आत वळला. आतल्या खोलीचं दार वाजलं; इतका वेळ झग्याविना तिथं बसलेला चौथा उठला असणार. चार लाल टोप्या दारातून बाहेर आल्या, चौघांच्या खांद्यावर काळी मखमल, आणि मागच्या डाव्या बाजूचा बाकीच्यांपेक्षा हातभर उंच. सगळं गाव गुडघ्यांवर बसलं. खटखट्या वाजला. माडांच्या शेंड्यांवरचं ऊन अजून गेलं नव्हतं.

तिसऱ्या ठाण्यापाशी ओदिलिया पाण्याचा कलश घेऊन आधीच उभी होती.

"आज तुम्ही नका, तांता. उपास मोडलेल्या हातानं बरं नाही दिसत. मी घालते."

दुसरा कुठला दिवस असता तर ओदिलियाची सात पिढ्यांची उजळणी झाली असती. पेत्रोनेलानं तिचे हात धरले.

"पाया पडते तुझ्या, ओदिलिया. आजचा दिवस घालू दे. पुढच्या वर्षीपासून तू घाल."

ओदिलियानं कलश सोडला, रागानं नव्हे, घाबरून. या बाईनं कुणाच्या पाया पडल्याचं गावानं कधी बघितलं नव्हतं.

लोकांनी माना खाली घातल्या. पेत्रोनेलानं पहिल्याच्या पायांवर पाणी घातलं, दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या. चौथ्याचा झगा तिनं घोटभर वर केला. काळा घट्टा होता. दुभंगलेलं नख होतं. तिनं पाणी घातलं आणि ती वाकली तशी तिच्या ओठांतून लाल थेंब त्या पावलावर पडला. तिनं तो घाईघाईनं तळहातानं पुसला, तर आणखीच पसरला.

दर वर्षीचं वाक्य तिच्या ओठांवर आलं नाही.

"त्याला मीच पाठवलं होतं," ती पावलाला म्हणाली, अगदी हळू, आयुष्यात पहिल्यांदा एवढं हळू. "तू नको म्हणाला होतास. मीच पाठवलं."

मग तिनं मान वर केली. लाल कापडाला दोन भोकं होती आणि त्यांत डोळे होते. पाच वर्षांत बघितले नव्हते ते डोळे. तिनं ते आता बघितले, खाली न बघता, आणि तिला इतकी लाज वाटली की तिनं आपलं लाल तोंड झाकायलाही हात उचलला नाही.

खटखट्या वाजला. पुढच्या दोघांनी पाय उचलले, शेजारच्यानं उचलला. शवपेटी जरा कलली. चौथ्याचं पाऊल तिच्या हातात होतं तसंच राहिलं, ओलं, बोटं न आवळता. बापा सिप्रीनं मागं वळून बघितलं आणि पुन्हा एकदा खटखट्या वाजवला. तेव्हा कुठं तो चालू लागला.